ओल्या फडक्याची साक्ष

माझा धंदा असा आहे, की तो चारचौघांत सांगावयाचा म्हणजे आधी समजावून द्यावा लागतो. वकील, वैद्य, शिक्षक म्हटले म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढे काही एक चित्र उभे राहते. परंतु “मी भट्ट्यांची व ऊन हवेच्या यंत्रांची नियंत्रणे बसवून ती जुळवून देतो” असे म्हटले, की समोरचा गृहस्थ सभ्यपणे मान हलवितो आणि पावसाविषयी बोलू लागतो. तीस वर्षे मी हेच करीत आलो. यंत्र बनविणारा निराळा, ते चालविणारा त्याहून निराळा, मी मधला. ज्योत केव्हा पेटावी, केव्हा वाढावी आणि केव्हा मुकाट्याने विझावी, एवढे शिकवून मी निघून जातो. मागे काय घडते ते बहुधा माझ्या कानांवर येत नाही. एकदा आले, आणि ते लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात घोळत आहे.

2023 च्या एप्रिलच्या आरंभी चंद्रपूर जिल्ह्यातील लाकडाच्या एका खासगी कारखान्यात मला बोलावणे आले. त्या दिवसांत तिकडे लाकडाखेरीज दुसरा विषय नव्हता. 29 मार्च रोजी बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान मिरवणुकीने रवाना झाले होते, आणि चहाच्या टपरीपासून स्टेशनापर्यंत जो तो त्या लाकडाशी आपले काही तरी नाते सांगत होता. हा अभिमान अस्थानी होता असे नाही. ढोबळ मानाने वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर आणि पलीकडे गडचिरोली असे आज दोन जिल्हे असले, तरी 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा सारा मुलूख एकच होता. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘चांदा’च आहे. येथला साग पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला. आलापल्लीजवळ जुन्या सागांचे एक रान कुऱ्हाडीपासून मुद्दाम राखून ठेवले आहे. 2014 मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. त्या सागांच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, म्हणजे टोपी पडते.

माझे काम या वैभवाच्या मागल्या दाराशी होते. तोडलेले लाकूड लगेच कामास येत नाही. ते सुकवावे लागते. ओल्या सागवानाच्या एका घनमीटरातील ओलावा पन्नास टक्क्यांवरून बारावर आणावयाचा म्हणजे दोनशे लिटरांच्या आसपास पाणी त्यातून काढावे लागते. त्यातले पहिले पाणी निमूट जाते. ओलावा तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागला, की मग लाकूड आवळू लागते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही: हिरव्या लाकडापासून पुरत्या कोरड्यापर्यंत सागाची फळी वर्षवलयांच्या अंगाने सुमारे 5.8 टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे 2.5 टक्केच आकसते. त्यात चांद्याकडची हवा. मे महिन्यात उन्हाळा 46-47 अंशांवर जातो, तेव्हा ती हवा लाकडाला पाच टक्क्यांपर्यंत शोषून घेते. श्रावणात तीच हवा त्याला सतरा-अठरा टक्के पाणी पुन्हा पाजते. श्रावणात न लागणारे दार हे घराघरांतले दुखणे आहे, आणि त्याचे मूळ पुष्कळदा सुतारात नसून भट्टीत असते.

घाई केली तर याहून वाईट होते. फळीचा पृष्ठभाग सुकतो, पोट ओलेच राहते. वरचा थर आवळू पाहतो, आतला त्याला आवळू देत नाही, आणि लाकूड तडकते. लाकूड सुकविण्याच्या भारतीय मानकात सागाला मधल्या वर्गात बसविले आहे; साल वृक्षासारखा तो हटवादी नाही, काटेसावरीसारखा सोसणाराही नाही. त्याला ऊन हवा पाहिजे, पण ती ओलसर पाहिजे, आणि तिचा ओलसरपणा दिवसागणिक हलक्या हाताने कमी केला पाहिजे.

येथे भरपाईच्या हवेचा प्रश्न येतो. लाकडाने सोडलेले पाणी हवेत मिसळते. ती जड झालेली हवा पंख्याने बाहेर टाकावयाची म्हणजे तितकीच बाहेरची हवा आत आली पाहिजे, आणि ती येताना तापलेली पाहिजे. हे इतके साधे आहे, की मोठमोठ्या कारखान्यांत त्याचा विसर पडतो. हवा काढणारा पंखा सर्वांच्या लक्षात असतो. हवा कोठून येणार हे कोणी विचारीत नाही. माझी आजी स्वयंपाकघरात धूर कोंडला की मागचे दार उघडी. धूर त्या दारातून जातो अशी लहानपणी माझी समजूत होती. वस्तुतः त्या दारातून हवा येई, आणि धूर आपल्या धुराड्याच्या वाटेने जाई. या धंद्यातला पहिला धडा मला तिनेच दिला असे म्हणावयास हरकत नाही.

कारखान्यात पूर्वी लाकडाच्या कटपिशांवर चालणारी भट्टी होती. कटपिशांना बाजारात भाव येऊ लागला, तेव्हा मालकांनी ती मोडून गॅसवर चालणारे यंत्र आणविले. बाहेरची हवा जाळीतून आत यावी, गॅसच्या ज्योतीवरून जावी आणि तापून लाकडाच्या कोठीत शिरावी, अशी त्याची रचना. गॅस परवडतो की नाही हा हिशेब मालकांचा होता. मी त्यात पडलो नाही. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे: एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. सुकविण्यासाठी पेटविलेली आगही आपले थोडे पाणी आत ओतीतच असते.

अशा यंत्राला शिकवावयाचे ते असे. आधी पंखा फिरला पाहिजे. तो फिरतो एवढ्याने भागत नाही. हवा खरोखर वाहते याची साक्ष एका लहानशा स्विचाने दिली पाहिजे, कारण पट्टा तुटलेला पंखाही वीज खातच असतो. मग काही वेळ नुसती हवा जाऊ द्यावयाची, कारण हा गॅस हवेहून जड असतो, गळला असला तर तळाशी दबा धरून बसतो. त्यानंतर ठिणगी, ज्योत दिसली तरच मोठी झडप उघडावयाची. ज्योतही लहानमोठी होणारी पाहिजे. कोठीत पन्नास अंश हवे असतील, तर जानेवारीच्या पहाटे बाहेरची हवा चाळीस अंशांनी तापवावी लागते, मेच्या दुपारी अवघ्या पाचांनी. जानेवारीस पुरणारी ज्योत मेमध्ये आठव्या हिश्श्याने जळली पाहिजे, आणि तरी विझता कामा नये. या एका गोष्टीपायी मी तेथे दोन दिवस घालविले.

तिसरा दिवस ओलाव्याचा. हवेतील ओलावा जाणण्याची सर्वांत जुनी आणि माझ्या मते अजूनही सर्वांत सरळ रीत म्हणजे दोन तापमापक. एक उघडा, दुसऱ्याच्या टोकाला कापडाची वात गुंडाळलेली, आणि वातीचे शेपूट पाण्याच्या वाटीत सोडलेले. फडक्यातून पाणी उडते, म्हणून दुसरा थंड राहतो; हवा जितकी कोरडी, तितका अधिक थंड. उघडा 50 आणि ओला 45 दाखवू लागला, म्हणजे हवेत सुमारे पंचाहत्तर टक्के आर्द्रता आहे असे समजावे. ओला वर चढू लागला म्हणजे हवा जड झाली. नियंत्रकाने झडपा उघडाव्या, ओली हवा बाहेर टाकावी, कोरडी आत घ्यावी. मी तसे जुळवून दिले, आणि दोन्ही आकडे एका सरळ रेषेत चाललेले पाहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

भट्टीवर एक वयस्क गृहस्थ होते. सारे त्यांस मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. कटपिशांची भट्टी त्यांनी वीस वर्षे राखली होती. नव्या यंत्राविषयी ते फारसे बोलत नसत. मी जे दाखवी ते पाहत आणि “हाव जी” म्हणत. रोज कोणते आकडे वहीत लिहावयाचे ते मी त्यांस आखून दिले, वाटी पाण्याने नेहमी भरलेली ठेवा असे बजावले, आणि दुसऱ्या एका कामासाठी वणीस गेलो.

त्या पहिल्या भरतीत वैनगंगेपलीकडच्या एका सुताराचे लाकूड होते. त्याच्या बापाने शेताच्या बांधावर लावलेले सागाचे झाड. स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी तो तोडावयास परवानगी लागते, आणि वाहून न्यावयास परवाना; ते सर्व सोपस्कार करून त्याने फळ्या आणल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची दारे केली, आता स्वतःच्या नव्या घराची करावयाची, असे तो फळ्या उतरवताना सहज बोलून गेला होता.

चौथ्या रात्री मामांचा फोन आला. “साहेब, लाकूड आवाज करून राहिलं जी.”

मी आकडे विचारले. पन्नास आणि शेहेचाळीस. हव्या त्याहून एक अंश अधिक. म्हणजे कोठीतली हवा किंचित ओलीच होती. ओल्या हवेत लाकूड तडकत नाही. “यंत्र बरोबर चालले आहे, मामा. झोपा तुम्ही,” असे मी सांगितले, आणि मीही झोपलो.

नवव्या रात्री ज्योत विझली म्हणून निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो, तो ज्योत चालू आहे, आणि कोठीचे दार माझ्याने उघडेना. दोन्ही हातांनी ओढले तेव्हा ते सुस्कारा टाकून उघडले. आतला दाब बाहेरच्यापेक्षा अगदी अल्प, पन्नास पास्कलांनी जरी कमी झाला, तरी दोन चौरस मीटरांच्या दारावर दहा किलोंचा भार पडतो. दार जड लागले की समजावे, खोली हवेवाचून गुदमरली आहे. मागे जाऊन पाहिले. काटेसावरीची बोंडे फुटण्याचे ते दिवस. आवाराच्या कुंपणालगत दोन मोठ्या सावरी होत्या, आणि त्यांचा सारा कापूस उडून हवेच्या जाळीवर गादीसारखा बसला होता. हवा थांबली तेव्हा स्विचाने आपले कर्तव्य केले होते आणि ज्योत विझविली होती. त्या स्विचाची तरफ सुतळीने बांधलेली मला आढळली.

मी संतापलो. अपुऱ्या हवेत जळणारी ज्योत विषारी वायू करते. बंद कोठीजवळ रात्रपाळीला झोपणाऱ्या माणसांच्या जिवाशी तो खेळ होता. सुतळी मामांनी बांधली होती. मी त्यांस सर्वांदेखत बोललो, आणि जे बोललो त्यात खोटे काही नव्हते. ते खाली मान घालून उभे होते. भरती वेळेवर निघालीच पाहिजे, ज्योत विझू द्यावयाची नाही, असा हुकूम त्यांस रात्री मिळाला होता, हे मला फार मागाहून कळले.

19 एप्रिलला कोठी उघडली. सुताराच्या फळ्यांपैकी निम्म्याहून अधिक तडकल्या होत्या. केसासारख्या बारीक भेगा, पण लांबच लांब. त्याने एकेका फळीवरून अंगठा फिरविला, शेवटी अंगठ्याकडेच पाहिले, आणि काही न बोलता फळ्या चांगल्या व वाईट अशा वेगळ्या रचू लागला. मालकांनी मजकडे लेखी खुलासा मागितला. मी लिहिले: रक्षक स्विच बांधून ठेवल्यामुळे हवेचे प्रमाण बिघडले व त्यायोगे लाकूड तडकले. खाली सही केली. निघताना कानांवर आले, की मामांना भट्टीवरून काढून ओंडक्यांच्या आवारात रोजंदारीवर घातले आहे आणि पंधरा दिवसांचा पगार कापला आहे. शिक्षा कडक आहे, पण न्याय्य आहे, असे माझ्या मनात आले.

नागपूरला परतलो तो अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी. सणाला दानाची घागर आणताना आमच्या घरी पाण्याचा नवा माठही आणतात. मंडळींनी जुना माठ बाहेर काढलेला पाहून मी म्हटले, “हा कोठे फुटला आहे? गळतही नाही.”

“गळत नाही हेच तर त्याचं दुखणं,” ती म्हणाली. “भोकं बुजली त्याची. पाणी भरलेलं दिसतं, पण गार होत नाही. हात लावून पाहा.”

मी हात लावला. माठ भरलेला होता आणि बाहेरून कोरडा होता. तळहातावर पांढरी भुकटी आली.

माठ गार होतो तो आणि ओला तापमापक थंड राहतो तो एकाच कारणाने. कोठी रिकामी करताना ती वात मी स्वतःच्या हातांनी काढून फेकली होती. ती ताठ झाली होती, पांढरी पडली होती. धूळ बसली असेल, एवढाच विचार मी केला होता. कारखान्यातले पाणी बोअरचे, भलतेच जड. चहाच्या भांड्यात त्याचा थर बसलेला मी पाहिला होता. वाटी भरलेली ठेवा असे मी मामांना बजावले होते. कसले पाणी घाला ते सांगितले नव्हते. ते त्यांनी निष्ठेने दररोज भरले होते, आणि दररोज वातीवर क्षार चढत गेले होते. वात सुकली म्हणजे ओला तापमापक ओला राहत नाही. तो चढतो, आणि हवा जड झाली अशी खोटी साक्ष देतो. नियंत्रकाने ती प्रमाण मानली आणि झडपा सताड उघडल्या. एप्रिलची कोरडी हवा तापून आत लोटत राहिली. मला फोनवर ऐकू आलेले शेहेचाळीस हे फडक्याचे आकडे नव्हतेच.

मी वहीची छायाचित्रे काढून आणली होती. ती पुन्हा वाचली. सगळ्या भरतीस चौदा सिलिंडर लागावे असा माझा अंदाज होता. आठव्या दिवशी सायंकाळीच अकरा संपले होते. इतका गॅस खाण्याइतकी हवा आत आली होती. तोवर सावरीच्या कापसाने जाळी बंद झालेली नव्हती. किंबहुना यंत्राने इतकी हवा ओढली म्हणूनच ती इतक्या लवकर बंद झाली असेल. आणि चौथ्या रात्रीच्या रकान्यात, जेथे मी केवळ आकडे लिहावयास सांगितले होते, तेथे वाकड्या अक्षरांत लिहिले होते: लाकूड बोलते.

या सर्वांहून लाजिरवाणी गोष्ट निराळीच होती. जाळी बंद झाली तर आत हवा कमी येईल; हवा कमी आली तर ओलावा कोंडून राहील; ओलावा कोंडला तर लाकूड सावकाश सुकेल. ते तडकणार नाही. सुतळीमुळे माणूस मेला असता. फळी फुटली नसती. माझा खुलासा उलटा होता, आणि तो उलटा आहे हे कळावयास वही पाहण्याचीही आवश्यकता नव्हती. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोराने असा खुलासा लिहिला असता, तर मी तो त्याच्या अंगावर भिरकावला असता. पण त्या सकाळी माझ्यापुढे सुतळी बांधणारा मनुष्य उभा होता, मी त्याच्यावर रागावलेलो होतो, आणि दुसरे कारण शोधण्याची मला गरजच भासली नाही.

त्याच दिवशी मी मालकांस दुसरे पत्र लिहिले. माझ्या कामाचा मोबदला सुतारास द्यावा असे त्यात कळविले. तो त्यास मिळाल्याचे त्याने मला फोनवर सांगितले. भेगांच्या फळ्या त्याने मागच्या पडवीच्या दारांना वापरल्या म्हणे. मामांविषयी मात्र मालक म्हणाले, “सुतळी तर त्यांनी बांधलीच होती ना?” हे खरे होते, आणि त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. एका अपराधाची शिक्षा दुसऱ्या, न केलेल्या अपराधाच्या नावाखाली झाली, तर ती परत कशी घ्यावयाची, हे मला अजूनही समजलेले नाही.

त्या वर्षी विदर्भात पाऊस उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. तेव्हा मी पुन्हा गेलो. जाळीच्या दोन्ही अंगांचा दाब दाखविणारी काचेची नळी बसविली. झडपा तासाहून अधिक वेळ सताड उघड्या राहिल्या तर घंटा वाजावी अशी योजना केली. स्विचाभोवती कुलपाची पेटी लावली. काम चालू असता मामांना आवारातून बोलावून घेतले, आणि कारकुनाच्या देखत सांगितले, की लाकूड माझ्या चुकीने तडकले, तुमच्या नव्हे.

त्यांनी ऐकून घेतले. “सुतळी बांधली ते माझंच चुकलं जी,” ते म्हणाले. “पण लाकूड म्या नाही फोडलं, हे मले ठाव होतं.”

“मग त्या वेळी बोलला का नाहीत?”

“बोललो होतो ना जी. फोनवर.”

कारकून टेबलावरचे कागद चाळू लागला. मामा उठून गेले. ते रागावून गेले असे मला वाटले. परंतु अर्ध्या तासाने ते परत आले. एका हातात प्लास्टिकच्या बाटलीत पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी, दुसऱ्यात जुन्या धोतराचे स्वच्छ धुतलेले फडके. “नव्या कापडाले खळ राहते,” एवढेच ते म्हणाले. मी आणलेली नवी वात पिशवीतच राहू दिली. फडक्याची पट्टी फाडून त्यांनी ती तापमापकाला गुंडाळली, शेपूट वाटीत सोडले, आणि आम्ही दोघे आकड्याकडे पाहत उभे राहिलो. तो 32 वर होता. 31 झाला, 30 झाला. 27 वर येऊन थांबला.